मैत्रीण गुपचूप वजनाचं इंजेक्शन घेतेय

प्रश्न : मॅडम, स. न. वि. वि. मी विश्रामबागेत राहते. माझी एक जिवाभावाची मैत्रीण आहे, तिला आपण सुजाता म्हणू. वय ४३, शाळेत शिक्षिका. उंची पाच फूट दोन इंच. आम्ही दोघी कित्येक वर्षं सकाळी आमराईत फिरायला जातो. दिवाळीनंतर ती झपाट्यानं उतरायला लागली. तीन महिन्यांत ७० किलोवरून ६१ वर आली. मला वाटलं, या वेळी मनावर घेतलंय. मग एकदा तिच्या घरी दूध ठेवायला फ्रीज उघडला, तर दारात आलं-लसणाच्या बाटलीशेजारी औषधाची बारकी कुपी आणि लाल टोपणाच्या इन्सुलिनच्या सिरिंज. तिला तर शुगर नाही. विचारलं तर रडायलाच लागली.

तिच्या भिशीत एक बाई आहेत. त्यांना डायबेटिस आहे आणि पुण्याच्या डॉक्टरांनी मौंजारोचं इंजेक्शन दिलंय. त्या आपल्या चिठ्ठीवर जादा कुप्या आणून सुजाताला देतात. पाच मिलिग्रॅमची कुपी, ती निम्मी निम्मी दोन आठवडे वापरायची, म्हणजे स्वस्त पडतं. किती भरायचं तेही त्यांनीच मेसेजवर सांगितलं, ‘२५ पर्यंत ओढ’. सुजाता म्हणते, कुपी एकदाच पुरते, कंपनी औषध कमीच भरते.

आता तिला अन्नाचा वास नको झालाय. रविवारी घरी मटण शिजलं की ती गच्चीवर जाऊन बसते. सुरुवातीला उलट्या होत होत्या, आता नुसतं मळमळतं. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत पाण्याचा थेंब घेत नाही, वर म्हणते, ‘आता उपवास किती सोपा झालाय!’ दोन वर्षांपासून तिला बीपीची गोळी आहे, लघवी जास्त होते तसली. परवा आमराईत चालता चालता डोळ्यांपुढं अंधारी आली म्हणून बाकावर बसली. केसही गळतायत.

तिनं मला शपथ घातलीय, कुणाला सांगायचं नाही, नवऱ्याला तर नाहीच. मी जरा जोरात बोलले, तर म्हणाली, ‘तू जळतेस माझ्यावर.’ हे औषध इतकं वाईट आहे का? मी तिच्या नवऱ्याला सांगू का? तिला कसं थांबवू?
— एक मैत्रीण, सांगली

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. लाल टोपण आणि ‘२५ पर्यंत ओढ’. बाकीचं सगळं नंतर बोलू, आधी हे.

आपल्याकडे इन्सुलिनच्या सिरिंज दोन प्रकारच्या मिळतात. लाल टोपणाची असते तिच्यावर एका मिलिलिटरमागं ४० खुणा. नारिंगी टोपणाची असते तिच्यावर तेवढ्याच मिलिलिटरला १०० खुणा. पाच मिलिग्रॅमच्या त्या कुपीत औषध असतं अर्धा मिलिलिटर. निम्मं म्हणजे पाव मिलिलिटर. नारिंगी सिरिंजवर पाव मिलिलिटर बरोबर २५ च्या खुणेला येतं. म्हणजे भिशीतल्या बाईंनी सांगितलं ते त्यांच्या सिरिंजपुरतं बरोबर असणार. पण लाल सिरिंजवर २५ म्हणजे अर्ध्या मिलिलिटरच्याही वर. कुपीत तेवढं औषधच नसतं. सुजाताताई २५ पर्यंत ओढायला जातात, कुपी तळाला लागते आणि त्यांना वाटतं की कंपनीनं कमी भरलं. कंपनीनं कमी भरलेलं नाही. त्या दर आठवड्याला अख्खी कुपी टोचून घेत असणार.

हे औषध पहिले चार आठवडे अडीच मिलिग्रॅमनं सुरू करतात. शरीराला सोसलं, तरच पाचवर जातात. तुमच्या मैत्रिणीनं बहुधा पहिल्याच दिवशी पाच घेतलं. सुरुवातीच्या उलट्यांचं कारण तिथंच असावं. हे मी तुमच्या पत्रावरून सांगतेय, खात्री करायला ती कुपी आणि सिरिंज डोळ्यांसमोर हवी. पण तोवर एक गोष्ट नक्की करा. पुढचं इंजेक्शन डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घ्यायचं नाही. त्यांना शुगर नाही, त्यामुळं एखादा आठवडा चुकला म्हणून काही बिघडत नाही. या औषधाचा निम्मा अंश उतरायलाच साधारण पाच दिवस लागतात, म्हणजे डोस थांबवला तरी परिणाम पुढं काही आठवडे रेंगाळणार आहे. मळमळही लगेच जाणार नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

दुसरी काळजी त्या अंधारीची. बीपीच्या काही गोळ्यांमध्ये लघवीवाटे पाणी आणि मीठ काढणारं औषध असतं. तुम्ही लिहिलंय त्यावरून त्यांची गोळी तशीच दिसते. ७० किलोच्या, पोटभर जेवणाऱ्या बाईला जी गोळी बरोबर बसली होती, तीच आता ६१ किलोच्या, अर्धी चपाती खाणाऱ्या, दिवसभर पाणी न पिणाऱ्या बाईला जड होऊ शकते. वजन उतरलं की बीपीही उतरतं. त्यात उलट्या, त्यात निर्जळी संकष्टी. शरीरातलं पाणी असं चहूबाजूंनी कमी झालं की चक्कर येते, आणि मूत्रपिंडांवर ताण पडतो तो बाहेरून दिसत नाही. गोळी मनानं बंद करू नका. ज्यांनी ती दिली त्यांच्याकडे याच आठवड्यात जाऊन बीपी बसून आणि उभं राहून, दोन्ही तऱ्हेनं मोजून घ्या. रक्तात क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम तपासायला सांगा. गोळीचा डोस कमी करायचा की बदलायची, ते डॉक्टर ठरवतील. आणि तोवर उपवास नको. गणपतीला नारळ वाढवा, अथर्वशीर्ष म्हणा, पण पाणी प्या. देवाधर्माचं मीही मानते आणि दवाखान्यात संकष्टीच्या संध्याकाळी येणाऱ्या चकरा-अशक्तपणाच्या बायकाही बघते.

काही लक्षणं दिसली तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. पोटाच्या वरच्या भागात जोराची कळ, थांबत नाहीये, पाठीत जातेय, सोबत उलट्या : ही स्वादुपिंडाची सूज असू शकते. उजव्या बरगडीखाली दुखतंय, ताप आहे, डोळे पिवळे दिसतायत : पित्ताशयात खडे झाले असतील. वजन भराभर उतरतं तेव्हा पित्ताचे खडे होण्याचा धोका वाढतो, मग ते औषधानं उतरो की उपाशी राहून. पाणीसुद्धा पोटात ठरत नाही, लघवी कमी आणि गडद होतेय, किंवा शुद्ध हरपली : तसंच उठून सिव्हिलला किंवा मिरजेला जायचं, रात्र असली तरी. आणि तिथं गेल्यावर इंजेक्शन लपवायचं नाही. तिथल्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगायचं. ऑपरेशनसाठी भूल द्यायची वेळ आली, तर हे माहीत असणं फार महत्त्वाचं, कारण या औषधामुळं पोट रिकामं व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो.

आता तुमचा प्रश्न, औषध इतकं वाईट आहे का. नाही, ताई. जेवल्यावर आपलं आतडं काही संप्रेरकं सोडतं. ‘पुरे, पोट भरलं’ हा निरोप मेंदूला देण्यात त्यांचा वाटा असतो. जीएलपी-१ हे त्यातलं एक, जीआयपी दुसरं. मौंजारोमधलं टिर्झेपेटाइड या दोन्हींसारखं काम करतं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत अडीच हजारांहून जास्त लठ्ठ माणसं होती. त्यांतल्या साधारण पाऊण जणांना ते ७२ आठवडे दिलं, बाकीच्यांना औषध नसलेलं इंजेक्शन. पाच मिलिग्रॅमच्या गटात वजन सरासरी १५ टक्के उतरलं, १५ मिलिग्रॅमच्या गटात जवळजवळ २१ टक्के. वजनावर इतका परिणाम करणारी गोळी-इंजेक्शनं आमच्या हातात पूर्वी नव्हती. गुडघ्यांनी जेरीला आलेल्या, झोपेत श्वास अडकणाऱ्या, इन्सुलिनचे डोस वाढतच चाललेल्या माणसांना याचा खरा उपयोग होतो, हे मी माझ्या पेशंटमध्ये बघतेय.

आणि मला सगळ्यात वाईट कशाचं वाटलं, सांगू? तुमची मैत्रीण या औषधासाठी बहुधा बसत होती. भारतात वजनासाठी याला मान्यता आहे ती बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती तो आकडा, ३० किंवा जास्त असणाऱ्यांसाठी, किंवा २७ किंवा जास्त असून बीपी, शुगर असं काही सोबत असणाऱ्यांसाठी. ७० किलो आणि पाच फूट दोन इंच म्हणजे बीएमआय २८ आणि वर बीपी. सरळ वाटेनं एखाद्या फिजिशियनकडे गेल्या असत्या, तर कदाचित हेच औषध त्यांना मिळालं असतं. योग्य डोसनं, तपासण्या करून, बीपीची गोळी जुळवून. त्यांनी भिशीची वाट धरली, कारण दवाखान्यात गेलं की आधी ऐकून घ्यावं लागतं. ‘तोंडावर ताबा ठेवा, चाला.’ लग्नकार्यात तर कुणीही येता जाता विचारतं, ‘काय गं, तब्येत सुधारली!’ चाळिशीनंतर पाळी मागंपुढं होते, पोटावर चरबी धरते, झोप मोडते. ती बाई रोज तुमच्याबरोबर आमराईत चालतच होती की! तरी वजन हलत नव्हतं. शेवटी एक उपाय चालला, आणि तो चालला म्हणूनच तो कुणी काढून घेईल अशी भीती तिच्या मनात बसली. ‘जळतेस’ हा शब्द त्या भीतीतून आलाय. तुम्ही तो मनाला लावून घेऊ नका.

हिशेब म्हणाल, तर तोही मला कळतो. २०२५ च्या मार्चमध्ये हे औषध भारतात आलं तेव्हा अडीचची कुपी ३,५०० रुपये आणि पाचची ४,३७५ रुपये होती. शिक्षिकेच्या पगारात दर आठवड्याला असे पैसे काढायचे, तर पाचची घेऊन दोनदा वापरू असं कुणालाही सुचेल. पण ती कुपी एका वेळेपुरतीच असते. एकदा सुई घातल्यावर उरलेलं औषध टाकून द्यायचं असतं, कारण ते आठवडाभर जंतूंपासून सुरक्षित राहील असं बनवलेलंच नाही. शिवाय ते २ ते ८ अंशांत ठेवायचं, गोठू द्यायचं नाही. फ्रीज दिवसातून वीस वेळा उघडतो, दाराचा कप्पा गरम-गार होत राहतो. चैत्र-वैशाखात सांगलीत दुपारी वीज गेली की तो कप्पा किती तापतो, ते आपल्याला ठाऊक आहे.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा काही गोष्टी त्यांनी विचारायला हव्यात, नाही विचारल्या तर तुम्ही सांगा. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कॅन्सर झाला होता का? झाला असेल, तर हे औषध द्यायचं नाही. साधा थायरॉइड, म्हणजे रोजची गोळी असणारा, त्याची यात अडचण नसते. बऱ्याच बायका इथं विनाकारण घाबरतात. पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली होती का, पित्ताचे खडे आहेत का, हेही सांगायचं. सुजाताताई ४३ च्या आहेत, पाळी चालू असेल तर गरोदरपणाचा विषय काढायलाच हवा. हे औषध गरोदरपणात घ्यायचं नसतं. आणि गर्भनिरोधक गोळ्या घेत असतील, तर या औषधाच्या सुरुवातीला आणि प्रत्येक डोस वाढल्यावर चार आठवडे त्या गोळीवर एकट्या विसंबून चालत नाही. सोबत दुसरं साधन लागतं.

केसांचं म्हणाल, तर भराभर वजन उतरलं आणि पोटात प्रथिनं गेली नाहीत की केस गळतात. बहुतेकदा काही महिन्यांत ते परत येतात. मला केसांपेक्षा स्नायूंची काळजी जास्त आहे. नऊ किलो गेले, त्यात नुसती चरबी गेली नाही, स्नायूही गेले. भूक नसली तरी जे चार घास पोटात जातील ते कशाचे, हे बघायचं. चहा-बिस्किट नको. एक-दोन अंडी, मुगाची किंवा मटकीची उसळ, घट्ट वरण, शेंगदाण्याचं कूट घातलेली भाजी, दही, पनीर, चालत असेल तर मासळी. मटणाचा वास सोसत नसेल तर राहू दे. दिवसाला ६० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं जायला हवीत. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात, त्यावरून अंदाज येईल. जेवण थोडं थोडं, चार-पाच वेळा, तेलकट टाळून. सोबत ताक, पाणी. आमराईत फेऱ्या मारून झाल्या की त्याच बाकावर हात न टेकता बसायचं-उठायचं, दहा-दहा वेळा. तुम्हीही करा तिच्याबरोबर. अर्थात हे चक्कर थांबल्यावर, आधी नाही.

तिच्याशी बोलायचं कसं? चारचौघींत नको, भिशीच्या दिवशी तर नकोच, आणि ‘मी वाचलं, याच्यानं माणसं मरतात’ असं काहीतरी नको. सकाळी फिरताना बोला. दोघी पुढं बघत चालत असल्या की नजर द्यावी लागत नाही, अवघड गोष्ट बोलायला ते बरं पडतं. ‘औषध बंद कर’ असं म्हणून सुरुवात करू नका. ती त्याच क्षणी कान बंद करेल. सिरिंजपासून सुरुवात करा. ‘सुजा, तुझी कुपी कमी भरलेली नाही गं. तुझी सिरिंज वेगळी आहे. तू दुप्पट घेतेयस.’ एवढंच. हे तिच्या वजनाबद्दल नाही, चारित्र्याबद्दल नाही, खुणांबद्दल आहे. ती शिक्षिका आहे, गणित तिला लगेच पटेल. मग म्हणा, ‘हेच औषध नीट घेता येतं. आपण दोघी डॉक्टरांकडे जाऊ, मी बाहेर बसते.’ ‘बारीक छान दिसतेस’ असंही म्हणू नका आणि ‘किती वाळलीस’ असंही नको. तिच्या शरीरावर बोलणारी माणसं तिच्या आयुष्यात आधीच खूप आहेत.

बोलताना एका गोष्टीकडे कान ठेवा. डॉक्टर म्हणाले ‘आता पुरे, ६१ ठीक आहे’ आणि तरी तिला ५०च हवे असतील, खाल्लेलं मुद्दाम ओकून टाकत असेल, आरशासमोरून हलत नसेल, घास गिळायचीच भीती वाटत असेल, तर तो खाण्याशी जडलेला मनाचा आजार असू शकतो. त्याला मानसोपचारतज्ज्ञांची मदत लागते. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या नंबरवर मराठीतही बोलते, पहिलं पाऊल म्हणून ती चांगली आहे.

नवऱ्याला सांगू का? तिच्या पाठीमागं जाऊन, आज तरी नको. सज्ञान बाईच्या औषधाची गोष्ट आधी तिच्या तोंडून घरात जायला हवी. तुम्ही शपथ मोडलीत, तर तिचं खरं सांगायचं एकमेव ठिकाण संपेल, इंजेक्शन मात्र चालूच राहील. पण शपथेची हद्द तिला आजच सांगून ठेवा : ‘तू बेशुद्ध पडलीस, पोटात कळ आली, पाणी ठरेनासं झालं, तर मी भाऊजींनाही सांगणार आणि डॉक्टरांनाही.’ हे आधी सांगितलं की तो विश्वासघात होत नाही. डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर, चिठ्ठी हातात असताना, तिलाच घरी सांगायला उद्युक्त करा. खर्चाचा प्रश्न तसाही घरात बोलावाच लागणार आहे.

कारण हे दोन महिन्यांचं काम नाही. २०२३ साली याच औषधाची एक चाचणी प्रसिद्ध झाली. लोकांचं वजन ३६ आठवड्यांत सरासरी २१ टक्के उतरलं. मग त्यांतल्या निम्म्यांना नकळत औषध नसलेलं इंजेक्शन दिलं. वर्षभरात त्यांचं वजन पुन्हा १४ टक्के वाढलं. त्यांचा निश्चय कमी पडला असं नाही. औषध गेलं, भूक परत आली. म्हणून ‘लग्नसराईपुरतं घेते, मग सोडते’ हा बेत टिकत नाही. किती दिवस घ्यायचं, कुठल्या डोसवर थांबायचं, परवडणार कसं, हे पहिल्याच भेटीत विचारा. आणि तपासण्यांनंतर डॉक्टर ‘हे औषध तुम्हाला नको’ म्हणाले, तर बीपी, झोप, आहार यांवर दुसऱ्या वाटेनं काम करता येतं. तेव्हा मला पुन्हा लिहा.

भिशीतल्या बाईंना दोष देत बसू नका. त्यांनी मैत्रिणीचं भलंच चिंतलं असणार. पण चिठ्ठी त्यांच्या नावाची आहे, त्यांच्या शुगरसाठी आहे. सुजाताताईंनी त्यांना एकदा शांतपणे विचारावं, आणखी कुणाला दिलंय का. दिलं असेल, तर लाल आणि नारिंगी टोपणाची गोष्ट त्या बायकांपर्यंतही आजच पोचली पाहिजे. आणि कुणी कुपीऐवजी औषध भरलेलं इंजेक्शनचं पेन वापरत असेल, तर एक पेन दोघींत कधीच नाही, सुई बदलली तरी नाही. रक्ताचा अंश आत मागं जाऊ शकतो, आणि काविळीचे बी-सी विषाणू, एचआयव्ही अशा वाटेनं पसरू शकतात.

डॉक्टरांकडे जाताना एका पिशवीत उरलेल्या कुप्या, रिकाम्या कुप्या, ती सिरिंज, बीपीच्या गोळ्यांचं पाकीट, जुने रिपोर्ट सगळं घेऊन जा. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत झाकण लावून न्या आणि तिथंच द्या. घरच्या कचऱ्यात टाकल्या, तर सकाळी घंटागाडीवर येणाऱ्या माणसाच्या हातात घुसतील.